चारही फेऱ्यांत उत्तरं आली, तरी नकार. कुठे चुकलं असेल?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचतोय. आज पहिला धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

मी नऊ वर्षं बॅकएंडवर, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या कोडवर आहे. जावा, पैशांचे व्यवहार, रात्री आपोआप चालून हिशेब जुळवणारे ताळमेळाचे जॉब, असला सगळा मामला. गेल्या महिन्यात एका मोठ्या टेक कंपनीत माझे इंटरव्ह्यू झाले. नाव लिहीत नाही. आधी रिक्रूटरचा फोन, मग पाऊण तासाची एक कोडिंग फेरी, ती निघाल्यावर एकाच दिवशी ओळीने चार: दोन कोडिंगच्या, एक सिस्टीम डिझाइनची, एक बिहेवियरल. सगळं व्हिडिओवर. तयारी चार महिन्यांची. रोज पहाटे दोन प्रश्न, अडीचशेच्या वर सोडवून झाले असतील.

चारांतल्या पहिल्या फेरीत आला तो प्रश्न मी झोपेतही सोडवला असता. मीटिंगांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्यात, कमीत कमी किती खोल्या लागतील? सुरुवातीच्या वेळेने सॉर्ट, संपण्याच्या वेळा मिन-हीपमध्ये (ज्यात सगळ्यात लहान आकडा कायम वर राहतो), झालं. बारा मिनिटांत कोड लिहून मोकळा झालो. समोरचा म्हणाला, "एक मीटिंग दहाला संपते आणि दुसरी दहालाच सुरू होते, तर?" मी म्हटलं, "चालेल." तो म्हणाला, "काय चालेल?" मग सांगितलं की तीच खोली परत वापरता येते, कोडमध्ये तसंच आहे. त्याने मान डोलावली. उरलेल्या वेळात अजून एक सोपा प्रश्न दिला, तोही झाला.

दुसऱ्या फेरीत एलआरयू कॅश, म्हणजे भरली की सगळ्यात जास्त काळ न वापरलेली नोंद काढून टाकणारी तात्पुरती साठवण. जावातला तयार लिंक्डहॅशमॅप वापरून चार ओळींत दिला. समोरच्या बाई हसल्या, म्हणाल्या, छान, आता हा क्लास नाहीच असं समजा. मग हॅशमॅप ('की' म्हणजे खूण दिली की नोंद शोधून देणारा) आणि दुहेरी लिंक्ड लिस्ट (मागे-पुढे जोडलेल्या नोडांची साखळी) घेऊन लिहायला बसलो. नोडमध्ये फक्त व्हॅल्यू ठेवली, 'की' ठेवली नाही. कॅश भरल्यावर शेपटीचा नोड काढायचा हे ठीक, पण मॅपमधली कुठली नोंद काढायची? त्या नोडला आपली 'की' ठाऊकच नाही. त्यांनी विचारलं आणि पाच मिनिटं माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मग सापडलं, दुरुस्त केलं, चाललं.

तिसरी डिझाइनची. लांबलचक लिंकची छोटी लिंक करून देणारी सेवा. मी लगेच चौकोन काढायला घेतले: लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा), काफ्का (संदेशांची रांग), रेडिस (कॅश), कॅसांड्रा (डेटाबेस). त्याने विचारलं, सेकंदाला किती विनंत्या धरल्यात? मी म्हटलं, भरपूर. (आता आठवलं की कानशिलं तापतात.)

चौथी वागणुकीची. "वरिष्ठाशी मतभेद झाला तो प्रसंग सांगा." मी डेटाबेस विभागण्यावरून झालेला वाद सांगितला, ज्यात शेवटी माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मी सांगत होतो आणि तो तीनदा मध्ये थांबवून विचारत होता, "ते झालं, पण यात तुम्ही काय केलंत?" मी तेच तर सांगत होतो!

आठव्या दिवशी रिक्रूटरचा फोन. दोन मिनिटांत संपला. "या वेळी पुढे जाता येणार नाही, बारा महिन्यांनी पुन्हा अर्ज करू शकता." कारण विचारलं, तर म्हणे धोरणानुसार सांगता येत नाही.

डिझाइनमध्ये मी कच्चा पडलो हे कळतंय. पण कोडिंगचे तिन्ही प्रश्न बरोबर सुटले होते. मग नेमकं काय कमी पडलं? बारा महिन्यांत अजून अडीचशे प्रश्न सोडवू का?

मागचाबाक

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको. अडीचशे पुरेत.

मी सहा वर्षं समोरच्या खुर्चीत बसतोय, दोन वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये मिळून दोनशेच्या आसपास इंटरव्ह्यू घेतले असतील. त्याआधी मला स्वतःला दोनदा नकार आलाय, त्यामुळे तो दोन मिनिटांचा फोन कसा लागतो ते माहीत आहे.

बाहेरून न दिसणारी गोष्ट सांगतो. तुमचा कॉल संपला की माझं खरं काम सुरू होतं. मला एक टिपण लिहावं लागतं. उमेदवाराला काय विचारलं, त्याने काय विचार केला, कुठे अडला, मी किती हिंट दिल्या, कोड कसा होता, आणि शेवटी शिफारस: घ्या, नका घेऊ, किंवा यातलं काहीतरी ठासून. पुष्कळ ठिकाणी निर्णय घेणारे लोक तुम्हाला भेटलेलेच नसतात. गुगलची हायरिंग कमिटी यासाठीच प्रसिद्ध आहे, ती मंडळी फक्त कागद वाचतात. ॲमेझॉनमध्ये चर्चेला बार रेझर म्हणून एक माणूस असतो, तो मुद्दाम दुसऱ्या टीममधला असतो, आणि तिथेही प्रत्येकाला आपलं टिपण आधी लिहून ठेवावं लागतं. थोडक्यात, तुमची केस माझ्या अर्ध्या पानावर लढवली जाते. तुम्ही प्रश्न सोडवलात, पण मला लिहायला काही दिलं नाहीत.

तुमची पहिली फेरी मी घेतली असती तर असं लिहिलं असतं:

"प्रश्न ऐकून लगेच कोड सुरू. बारा मिनिटांत बरोबर उत्तर. हीप का घेतला ते सांगितलं नाही. टोकाची केस मी विचारल्यावर बरोबर सांगितली, स्वतःहून नाही. कोड हाताने चालवून पाहिला नाही. प्रश्न आधी पाहिलेला असावा."

यात एक शब्द खोटा नाही. पण ते शेवटचं वाक्य वाचून कमिटीतला माणूस काय ठरवेल? की या फेरीतून काहीच कळलं नाही.

आता तोच प्रश्न, तीच हुशारी, पण हा माणूस वेगळा. मागे एक मुलगी आली होती. तिलाही प्रश्न माहीत होता, हे मला दोन मिनिटांत कळलं. पण तिने आधी विचारलं, दहाला संपणारी आणि दहाला सुरू होणारी मीटिंग एकमेकींना भिडतात असं धरायचं का? मग म्हणाली, दोन वाटा दिसतायत. एक हीपची. दुसरी म्हणजे सुरुवातीच्या वेळा वेगळ्या सॉर्ट करायच्या, शेवटच्या वेगळ्या, आणि दोन बोटं पुढे सरकवत जायचं. दोन्हींना वेळ सारखाच (एन लॉग एन), पण दुसरीत कुठल्या खोलीत कुठली मीटिंग हे हरवतं, नुसती संख्या मिळते. तुम्हाला नुसती संख्या हवी ना? मग तीन मीटिंगांचं उदाहरण घेऊन कोड ओळीओळीने चालवला. वेळ तुमच्यापेक्षा दुप्पट लागला. माझं टिपण सव्वा पान झालं, आणि मला काही फुगवावं लागलं नाही.

एलआरयूचं तर मला वाईट वाटलं. 'की' विसरण्याची चूक निम्मे लोक करतात. मी तो प्रश्न विचारायचो तेव्हा त्या क्षणाची वाटच पाहायचो, कारण माणूस अडकल्यावर काय करतो हे तिथे दिसतं. पाच मिनिटांच्या शांततेत तुमच्या डोक्यात बरंच काही चाललं असणार. तिकडे बाईंना दिसला तो एक गोठलेला चेहरा. "नोडवरून मॅपमध्ये परत जायची वाट नाहीये, इथे अडलोय" एवढं वाक्य बोलला असतात तरी टिपणात चुकीऐवजी निदान लिहिलं गेलं असतं.

जाता जाता, पाठांतराबद्दल एक. बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी निम्मा भाग सोडत शोधणं; लो आणि हाय ही उरलेल्या भागाची दोन टोकं) लिहिताना हल्ली सगळे मधला अंक काढायला 'लो अधिक, हाय वजा लो भागिले दोन' असं लिहितात. मी विचारतो, असं का? सरळ दोघांची बेरीज करून निम्मी का नाही? बहुतेक जण म्हणतात, असंच लिहितात. कारण साधं आहे: ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या जागेत) २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागा नाही, बेरीज त्यापलीकडे गेली की आकडा ऋण होतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ही चूक जवळपास नऊ वर्षं होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ती जाहीरपणे मांडली, आणि तो कोडही त्यांचाच होता! हे ठाऊक नसलं म्हणून कुणाला नापास करत नाही. पण "मला माहीत नाही, थांबा, शोधतो" म्हणून दोन मोठे आकडे घेऊन बघणारा उमेदवार मला आजही आठवतो.

तिरपाफाटा

मागचाबाक, सगळं पटलं, पण हे वाचून चीड जास्त आली. म्हणजे नोकरी कोडिंगची, आणि परीक्षा समालोचनाची?

२०२० साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. संगणकशास्त्राचे ४८ विद्यार्थी घेतले. निम्म्यांना फळ्यावर, समोर परीक्षक बसवून, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवायला लावला. उरलेल्यांना तोच प्रश्न एकट्याने, बंद खोलीत. समोर कुणीतरी बघत असल्यामुळे कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. बघणाऱ्यासमोर बसलेल्या एकाही स्त्रीला प्रश्न सुटला नाही, आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या स्त्रियांना सुटला. नमुना लहान आहे, मान्य. पण परीक्षा नेमकी कशाची चालली आहे हा प्रश्न तर उरतोच ना?

मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणारं होमब्रू लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलचं २०१५ चं ट्वीट सगळ्यांना माहीत आहे. ज्याचं सॉफ्टवेअर गुगलचे इंजिनियर वापरतात, त्याला फळ्यावर बायनरी ट्री (दोन-दोन फांद्या फुटत जाणारी रचना) उलटवता आला नाही म्हणून नकार. त्याआधी या लोकांना कोड्यांचा नाद होता, विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील वगैरे. २०१३ मध्ये गुगलचेच तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक जाहीरपणे म्हणाले की ती कोडी म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय होता. आज ट्री उलटवायला लावतात, उद्या त्याबद्दलही असंच कुणीतरी म्हणेल. मधल्या काळात अर्धविरामसारख्यांची चार चार महिन्यांची पहाट गेली ती गेली.

अर्धविराम, मी दोनदा दिले, आता देत नाही. लहान कंपनीत आहे, मजेत आहे.

मागचाबाक

तिरपाफाटा, तो प्रयोग मी वाचलाय, आणि भांडण नाही. मी स्वतः आता उमेदवाराला सुरुवातीला सांगतो की पहिली पाच मिनिटं मी कॅमेरा बंद करून बसतो, तुम्ही एकटे विचार करा, मग बोलू. काही जणांचा चेहरा तेवढ्यानेच सैलावतो. सगळीकडे ही मुभा नसते.

नशिबाचा भागही आहे, लपवत नाही. गुगलने आपल्याच आकडेवारीवरून काढलं होतं की चार मुलाखतींत निर्णयाचा अंदाज ८६ टक्के खात्रीने बांधता येतो आणि पाचवीपासून पुढे फारशी भर पडत नाही. वाचणारे ८६ कडे बघतात, मी उरलेल्या १४ कडे बघतो. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या चौघांसमोर हाच अर्धविराम कदाचित पास झाला असता. पण नशिबावर मी त्याला काय सल्ला देणार? जे त्याच्या हातात आहे तेवढंच सांगतोय.

दशांश

डिझाइनच्या फेरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी ती फेरी घेते. "भरपूर" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की तुम्ही कानशिलं तापवून घेऊ नका.

चौकोन काढायच्या आधी दहा मिनिटं आकडे. कागद घ्या आणि माझ्याबरोबर करून बघा. समजा दिवसाला १० कोटी नव्या लिंका. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण १,१६० लिहिण्याच्या विनंत्या. वाचणारे शंभरपट धरले तर सेकंदाला सव्वा लाखाच्या आतबाहेर. एवढ्यावरच कळलं की लिहिण्याचा बोजा किरकोळ आहे, खरी लढाई वाचण्याची आहे, म्हणजे कॅशची. तुमचा काफ्का इथे कशासाठी होता? क्लिकची मोजदाद करायला असेल तर ठीक, पण तसं म्हणायला हवं होतं.

आता छोट्या लिंकमध्ये अक्षरं किती? लहान-मोठी रोमन अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. सहा अक्षरांत ६२ चा सहावा घात, सुमारे ५,६८० कोटी. वर्षाला आपण ३,६५० कोटी लिंका बनवतोय. दीड वर्षात संपल्या! सात अक्षरं घेतली तर साडेतीन लाख कोटी, म्हणजे ९६ वर्षं. एका अक्षराने दीड वर्षाचं शहाण्णव होतं, हा हिशेब उमेदवाराने समोर केला की मला फार बरं वाटतं, कारण त्याने निर्णय घेतला आणि त्याचं कारणही दिलं.

जागा? एका नोंदीला ५०० बाइट धरा. दिवसाला ५० जीबी, वर्षाला १८ टीबी. एकाच मशीनच्या भरवशावर ठेवू नये, पण घाबरायचं काही नाही.

याच्या पुढे खरी मजा. छोटी लिंक कशी बनवायची? मूळ लिंकचा हॅश (मजकुरावरून निघणारी ठरावीक लांबीची खूण) काढून पहिली सात अक्षरं घेतली तर कधीतरी दोघांची टक्कर होणार, तपासावं लागणार. एकेक वाढणारा आकडा घेतला तर टक्कर नाही, पण पुढची लिंक कुणीही ओळखू शकतो, शिवाय तो आकडा देणारा एकच सर्व्हर बंद पडला तर? मग प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एकेक गठ्ठा आधीच वाटून द्यायचा. सर्व्हर मेला तर उरलेला गठ्ठा वाया जाईल. जाऊ दे की, ९६ वर्षांचा साठा आहे.

आणि एक आवडता प्रश्न: वाचणाऱ्याला मूळ पत्त्यावर ३०१ ने पाठवाल की ३०२ ने (ब्राउझरला 'दुसरीकडे जा' सांगणारे हे दोन कोड)? ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी आपल्याकडे फिरकतच नाही. बोजा कमी, पण क्लिकची मोजणी गेली. ३०२ ला उलट. दोन्हीतलं एक उत्तर बरोबर असं नाही. मालकाला मोजणी हवी आहे का, हे उमेदवाराने मला विचारावं एवढीच अपेक्षा.

नऊ वर्षं पैशांच्या व्यवहारात घालवलेल्या माणसाला हे जड नाही. तुम्ही रोज करताच, फक्त तिथे आकडे आधीपासून कुणीतरी दिलेले असतात.

अर्धविराम

दशांश, कागद घेऊन खरंच केलं. सहा अक्षरं दीड वर्षात संपतात हे पाहून मी एकटाच हसलो. धन्यवाद.

मागचाबाक, तुमचं ते टिपण वाचून पोटात गोळा आला. "प्रश्न आधी पाहिलेला असावा." पाहिलाच होता हो.

चौथ्या फेरीचं अजून कळत नाहीये. "तुम्ही काय केलंत" असं तो का विचारत होता? आम्ही टीम म्हणून केलं, तेच सांगितलं. मी मी करत बसलो असतो तर चांगलं दिसलं असतं का? लहानपणापासून उलटच शिकवलंय.

मागचाबाक

हे मी पण भोगलंय. आपल्या तोंडात "आम्ही" इतकं बसलेलं असतं की एकट्याने रात्रभर जागून केलेल्या कामालाही आपण "आम्ही ते केलं" म्हणतो. इंग्रजीत जाऊन तो "वी" होतो आणि समोरच्याला कळेना होतं की हा माणूस तिथे हजर तरी होता का. तो तुम्हाला बढाई मारायला सांगत नव्हता. त्याच्या टिपणात एक रकाना आहे, "उमेदवाराने स्वतः काय केलं", आणि तीनदा विचारूनही तो रिकामा राहिला. टीमचं श्रेय टीमला द्या, पण क्रियापदं तरी वाटून द्या. रचना तिने केली, चाचण्या त्याने लिहिल्या, जुना डेटा हलवण्याची स्क्रिप्ट मी लिहिली. यात कुठे मीपणा आला?

दुसरं, तुम्ही जिंकलेला वाद निवडलात. हरलेला एखादा आहे का?

अर्धविराम

आहे. पण तो मी सांगणारच नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी रात्रीचा ताळमेळाचा जॉब काढून टाकावा, व्यवहार घडेल तसा लगेच जुळवावा, असं माझं म्हणणं होतं. दोन पानांची नोंद लिहिली, आकृत्या काढल्या. आमच्या सीनियर म्हणाल्या, जॉब राहू दे, फक्त तो दोनदा चालला तरी पैसे दोनदा जाणार नाहीत एवढी सोय कर. मला ते फारच मिळमिळीत वाटलं. बैठकीत आवाज चढला, माझाच. मग त्यांनी शांतपणे विचारलं, समोरच्या बँकेकडून फाइल दिवसातून किती वेळा येते? एकदा, रात्री. मग तू लगेच जुळवणार कशाशी?

मी ते तपासलंच नव्हतं. दोन पानं लिहिली, पण फाइल कधी येते ते पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं की माझं चुकलं, आणि त्यांनी सांगितलेली सोय मीच करतो. प्रत्येक देण्याला एक ओळखक्रमांक, तो आधी टेबलात नोंदवायचा, नोंद आधीच असेल तर देणं थांबवायचं. तीन आठवडे लागले. चार महिन्यांनी रात्री दोनला जॉब मध्येच पडला, शेड्युलरने आपोआप परत चालवला, आणि अर्ध्या देण्यांना ओळखक्रमांक आधीच सापडले. एकही पैसा दोनदा गेला नाही. सकाळी लॉग बघितल्यावरच हे आम्हाला कळलं.

म्हणजे मला कळलं. लॉग मी बघितला.

मागचाबाक

आणि हे सोडून तुम्ही डेटाबेसची गोष्ट सांगितलीत!

ॲमेझॉनच्या सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्समध्ये एक "हॅव बॅकबोन; डिसॲग्री अँड कमिट" नावाचं आहे. पटलं नाही तर ठामपणे बोला, पण एकदा ठरलं की मनापासून करा. इतर कंपन्या वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. तुमच्या गोष्टीत ते सगळं आहे, वर चूक कबूल करणं आहे, तीन आठवड्यांचं काम आहे आणि रात्री दोनचा पुरावा आहे. अडीच मिनिटांत बसवा. आकृत्यांचं वर्णन काढून टाका. बाईंचा तो प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवा, आणि त्यानंतर तुमच्या सवयीत काय बदललं ते एका वाक्यात सांगा. बदललं असेल तरच.

अर्धविराम

बदललं. आता काहीही लिहायच्या आधी येणारा डेटा कुठून आणि कधी येतो हे विचारतो. (लिंकवाल्या फेरीत विचारलं नाही, ते सोडा.)

अजून एक अडचण, जरा विचित्र आहे. काल रात्री फोनवर रेकॉर्डर लावून एलआरयू मोठ्याने बोलत सोडवला. ३८ मिनिटं. आज ऐकलं. सोप्या जागी मी छान इंग्रजी बोलतोय, आता मी मॅप घेतो, आता मी नोड बनवतो. जिथे खरंच विचार करावा लागला तिथे एकदम शांतता, नुसतं "हं". मग लक्षात आलं, अवघड विचार मी मराठीतच करतो. पॉइंटर जोडताना डोक्यात चाललेलं असतं, "याच्या मागच्याचा पुढचा म्हणजे याचा पुढचा." हे इंग्रजीत बोलायला जावं तर तोपर्यंत धागा तुटतो.

दशांश

अय्या, हे मला वाटायचं माझंच आहे. मी अजून पाढे मराठीत म्हणते आणि हातचाही मराठीतच धरते. वरचे आकडे तसेच काढलेत.

मागचाबाक

यात विचित्र काही नाही. दोन गोष्टी करा. पॉइंटरचा गुंता तोंडाने सोडवू नका, चार चौकोन काढा आणि बाण खोडत जा. समोरच्याला स्क्रीनवर बाण दिसतात, भाषेची गरजच उरत नाही. आणि शांत व्हायच्या आधी सांगून शांत व्हा: मला एक मिनिट द्या, विचार करून सांगतो. अगदी पाठ करून ठेवा हे वाक्य. सांगून घेतलेलं मिनिट आणि न सांगता गेलेली पाच मिनिटं माझ्या टिपणात फार वेगळी दिसतात.

तिरपाफाटा

पाठ करायला नको म्हणत होतात ना?

मागचाबाक

पकडलंत.

अर्धविराम

आज परत रेकॉर्ड केलं. 'की' सुरुवातीलाच नोडमध्ये ठेवली, बाण काढले, मिनिट मागून घेतलं (रिकाम्या खोलीकडे). ३१ मिनिटं. नंतर कॅपॅसिटी शून्य देऊन चालवलं तर कोसळलं, ते मात्र बोलताना एकदाही सुचलं नव्हतं. भिंतीशी बोलून किती कळणार हा प्रश्नच आहे.

दशांश

शनिवारी सकाळी मला एक तास मोकळा आहे. व्यनि करा, मी समोर बसते. प्रश्न मी निवडणार, आणि तो एलआरयू नसेल. टिपण लिहून नंतर तुम्हालाच वाचायला देईन.

तिरपाफाटा

मी पण येऊ का? नुसता ऐकायला. कॅमेरा बंद ठेवतो.